वय चाळीसच्या खाली असल्यास येऊ नये

आमच्या कॉलनीतल्या शालाक्का चौगुले हेल्मेट घालून भाजी घेतात.

स्कूटरवरून उतरून तशाच गाड्याशी आल्या, असंही नाही. घरातून चालत येतात. हातात पिशवी, पायांत स्लिपर आणि डोक्यावर टोमॅटोच्या रंगाचं हेल्मेट, काच वर केलेली. कोल्हापुरात गाडी चालवताना हेल्मेट घातलं तरी लोक बाहेरगावचा पावणा समजून रस्ता सांगायला येतात. इथं ही बासष्ट वर्षांची बाई हेल्मेटसकट वाकून कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यापालट्या करते.

भाजीवाल्यानं सुरुवातीला एकदा विचारलं, "आक्का, गाडी कुठं लावलीसा?"

"घरात."

"मग डोस्क्यावर हे?"

"मानंला सवय लावतोय. का, हेल्मेट बघून कोथिंबीर म्हाग करणार हाईस?"

त्यानं मुकाट्यानं जुडी दिली. वर चार मिरच्याही टाकल्या.

'लावतोय' वाचून दचकू नका. इथल्या बायका 'मी येतो', 'मी जातो' असंच बोलतात. मी मूळची नाशिककडची. लग्न होऊन इथं आले आणि शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा बरेच दिवस मला वाटायचं की शेजारच्या घरात नुसते पुरुषच राहतात.

आक्कांचा सगळ्यात आवडता शब्द 'मग?' हा. तो प्रश्न नसतो. समोरच्याचं बोलणं जिथल्या तिथं संपवायला तो वापरतात. "आक्का, तुमचं वय झालं आता," असं कुणी म्हणालं, की त्या शांतपणे म्हणतात, "झालं की. मग?" आणि बघत राहतात. समोरच्यानं या 'मग'चा कधी विचारच केलेला नसतो. तो जरा वेळ उभा राहतो आणि निघून जातो.

साठीच्या तोंडापर्यंत आक्का कधीही गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेल्या नव्हत्या. मागं, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी किंवा मूल, अशी त्यांची सगळी वर्षं गेली. गाडी तात्यांची. तात्या म्हणजे त्यांचे यजमान, साखर कारखान्यात फिटर होते. माणूस अबोल. निवृत्त झाले आणि त्यांच्या डोळ्यांपुढं हळूहळू अंधार यायला लागला. कडेचं दिसेना, मग मधलंही पुसट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही, आणि गाडी आजपासून बंद. स्कूटर पोर्चमध्ये झाकून उभी राहिली.

घरात सासूबाई, त्यांना आक्का आत्याबाई म्हणतात. नव्वदीला टेकलेल्या. त्यांची औषधं, तात्यांच्या डोळ्यांचे थेंब, बँक, गॅस, दळण, सगळ्याला रिक्षा शोधत हिंडावं लागायचं. एक दिवस आक्का सरळ एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. तिथल्या गॉगलवाल्या माणसानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, या वयात बॅलन्स येत नाही. तुम्ही मागं बसा की निवांत."

"मागंच बसलोय की आजपातूर. मग?"

तो गॉगल पुसायला लागला, आणि आक्कांकडं तेवढा वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीमागच्या मैदानावर त्या स्वतःच शिकायला लागल्या. शिकवायला तात्या. हे दृश्य मी गच्चीतून पाहिलं आहे आणि ते विसरणं शक्य नाही. पुढं आक्का हँडल गच्च आवळून बसलेल्या, आणि मागं सीटचं कडं धरून तात्या पळतायत. जिला दिसतंय तिला चालवता येत नाही, आणि ज्याला चालवता येतं त्याला दिसत नाही. तात्या ओरडतायत, "म्होरं काय हाय? म्होरं काय हाय?" आणि आक्का ओरडतायत, "इचारू नगा! धरा नुसतं!" क्रिकेट खेळणाऱ्यांचे स्टंप गेले, एका म्हशीनं दावं तोडलं, आणि शेवटी स्कूटर बाभळीच्या झुडपात जाऊन थांबली. आक्का उठल्या, पदराचे काटे काढले आणि म्हणाल्या, "ब्रेक कुठला ते आत्ता कळलं."

महिन्याभरात त्या आत्याबाईंना मागं बसवून दवाखान्यात न्यायला लागल्या.

इथवर कौतुकच झालं. गडबड पुढं झाली. आक्कांना चालवताना बघून कॉलनीतल्या बायका हळूच विचारू लागल्या, "आक्का, मला जमंल का?" कुणाच्या गुडघ्यात वांधा, कुणाला चष्मा, कुणाला नवऱ्याची भीती. सगळ्यांना कुठल्या ना कुठल्या शाळेनं 'आता कशाला' म्हणून परत पाठवलेलं. एके दिवशी आक्कांच्या फाटकावर पत्र्याचा बोर्ड लागला. 'आक्का स्कूटर क्लास. फक्त बायकांसाठी. वय चाळीसच्या खाली असल्यास येऊ नये.'

बोर्डाची बातमी पुण्याला पोचली आणि मुलगा प्रकाश पुढच्याच शनिवारी हजर झाला. सोबत गडहिंग्लजहून मोठे मामा आणले होते. मामा म्हणजे आक्कांचे थोरले भाऊ. मला साक्षीदार म्हणून आक्कांनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "बाई, तुम्ही बसा हितं. शिकल्याली माणसं असली की प्रकाश दमानं बोलतोय."

मामांनी सुरुवात केली. "शालन, धंदा म्हंजे पोरखेळ न्हवं. घरात म्हातारी, नवऱ्याचे डोळे असे. लोकं काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

 मामांनी चहाचा कप उचलला.

मग प्रकाश म्हणाला, "आई, मी तुझ्या भल्याचंच सांगतोय. धंदा सुरू करायचं एक वय असतं."

आक्का सावरून बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट जरा खालीच आला.

"कवाचं असतंय रे? मला एकदा नीट सांग. विशीत तू पोटात हुतास. मग तू कडंवर. तू शाळंत गेलास तर तुझ्या दोन्ही आत्यांची लग्नं आली, मग त्यांची बाळंतपणं. ती उरकली तर तुझं कॉलेज, तुझं डबं. मग मामांजी, तुझं आजोबा, हातरुणाला खिळले. ते गेले, तर आत्याबाई. आता ह्यांचं डोळं. मधी कुठं मोकळी जागा दिसती का तुला? दिसली तर दाखव, मी त्या वयाला परत जातो आणि तवाच क्लास काढतो."

 तात्या भिंतीकडं तोंड करून बसले होते, पण त्यांच्या खांद्यावरून कळत होतं की ते हसतायत.

"पण आजीकडं कोण बघणार?" प्रकाशनं शेवटचा हुकमी एक्का काढला.

आतल्या खोलीतून आत्याबाईंचा आवाज आला, "मला काय बघायचं न्हाय! मलाच बघायला न्या मैदानावर! हितं भित्ताडं बघून कटाळा आलाय!"

आणि खरंच तसंच झालं. रोज सकाळी आक्का आधी आत्याबाईंना मैदानावर न्यायच्या आणि कडुनिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसवायच्या. शेजारच्या खुर्चीत तात्या. त्यांना दिसायचं नाही, पण इंजिनाच्या आवाजावरून ते सांगायचे, "चौथी बाई रेस लई देती." बहुतेक वेळा चौथी बाई मीच असायची. आक्कांनी एकही जबाबदारी सोडली नाही, सगळ्या उचलून मैदानावर आणून बसवल्या.

होय, मीही नाव घातलं होतं. वय अठ्ठेचाळीस, म्हणजे बोर्डाच्या हिशेबानं लायक. शेजारीण म्हणून फीमध्ये काही सूट मिळेल असं वाटलं होतं. "फुकट शिकवलं की बायका पयल्या पावसात घरी बसत्यात," आक्का म्हणाल्या आणि हात पुढं केला. सख्ख्या नणंदेकडूनही त्यांनी फी घेतली होती.

त्यांचा पहिला धडा गाडी पाडायचा. मुद्दाम आडवी पाडायची आणि उचलायची. "पडणार तर हाईसाच. उचलायचं आधी शिका, म्हंजे लोकं जमायच्या आत निघता येतंय." दुसरा धडा ओरडायचा. हॉर्नला हात लावायचा नाही, तोंडानं रस्ता मागायचा. आमच्यात एक प्राध्यापकबाई होत्या. त्या पुटपुटायच्या, "जरा बाजूला होता का?" आक्का वैतागायच्या. "कुणाला सांगालीसा? खड्ड्याला? पोटातनं काढा! ओ पावणं, सरका की!" आठवड्याभरात त्या बाईंचा असा आवाज फुटला, की त्यांचे यजमान मैदानाच्या कडेला येऊन बघून गेले.

आक्कांचे स्वतःचे गुडघे दुखायचे, शिकणारीच्या मागं पळणं त्यांना जमायचं नाही. म्हणून जिला चालवता यायला लागलं, तिनं नवीन बाईच्या मागं पळायचं, असा नियम होता. आणि या सगळ्यांवर आत्याबाईंची नजर. उभ्या जन्मात सुनेच्या भाकरीला बरं न म्हटलेली ती म्हातारी खुर्चीतून काठी हलवत ओरडायची, "ए हिरव्या लुगड्याची! पाय वर घी! शाले, ही बया गाडीवर निजली बघ!" आम्ही आक्कांना जितकं भ्यायचो नाही तितकं आत्याबाईंना भ्यायचो. त्या उन्हाळ्यात आत्याबाईंचा दम्याचा त्रास कमी झाला, असं डॉक्टर म्हणाले. कारण त्यांनाही सांगता येईना.

ज्या ड्रायव्हिंग स्कूलनं आक्कांना परत पाठवलं होतं, तिथला गॉगलवाला आता पोक्त बायकांना स्वतःच आक्कांकडं पाठवायला लागला. लायसन्सचं तो करायचा, बॅलन्सचं आक्का. दुसरी एक जुनी स्कूटर आली. बोर्डाला नवा रंग मिळाला.

आणि तेवढ्यात पुण्याहून फोन आला. सुनेची, नेहाची, बाळंतपणाची रजा संपत आली होती. नात पाच-सहा महिन्यांची. पाळणाघरात घालायला मन धजेना. प्रकाश म्हणाला, "आई, तू ये. वर्षभराचा तर प्रश्न आहे."

हे बोलणं मी ऐकलं आहे, कारण आक्का फोन नेहमी स्पीकरवर लावतात आणि कॉलनीला ऐकू जाईल असं बोलतात.

"येतो की. आत्याबाईला घेऊन येतो, तात्यांस्नीबी घेऊन येतो. तुझ्या दोन खोल्यांत कुठं निजवणार हाईस?"

"त्यांचं काहीतरी बघू ना. एखादी बाई ठेवू."

"मग ती बाई तिकडंच ठेव की. न्हाईतर तू ये बाळाला घिऊन. तुझं काम कंपुटरवरच असतंय न्हवं?"

"आई, माझं करिअर आहे."

"माझाबी धंदा हाय."

पलीकडून फोन बंद झाला. मग बरेच दिवस वाजलाच नाही. इतके दिवस मैदानावर जाणं हा आक्कांचा हट्ट होता, आता त्यांना त्यासाठी रोज स्वतःशी भांडावं लागत होतं. ओरडण्यात जोर नव्हता. प्राध्यापकबाई खांबाला धडकल्या तरी त्या काही बोलल्या नाहीत. एका सकाळी भाजीच्या गाड्याशी मी त्यांना पाहिलं. आक्का बोडक्या डोक्यानं उभ्या होत्या. केस इतके पांढरे झालेत, हे मला त्या दिवशी कळलं.

"आक्का, हेल्मेट?"

"खुटीला हाय." त्यांनी मेथीची जुडी उचलली, ठेवली. "बाई, तुम्हाला खरं सांगू? लेकाला न्हाई म्हटलं ह्याचं मला वाईट वाटत न्हाई. नातीच्या अंगाचा वास येतोय हो मला, कपड्यांच्या घड्या घालताना. उगंच. कुठनं येतोय कळत न्हाई."

मी काही बोलायच्या आत त्यांनी कोथिंबिरीच्या भावावरून भांडण काढलं.

नेहा आली ती एका दुपारी, न कळवता, एकटी. कडेवर मूल, पाठीवर बॅग. आम्ही मैदानावर होतो, कारण त्या दिवशी सकाळी पाणी आलं नव्हतं म्हणून क्लास दुपारी ठेवला होता. ती सरळ कडुनिंबाखाली आली आणि मूल आत्याबाईंच्या मांडीवर दिलं.

"आई, मी ऑफिसशी बोलले. सहा महिने घरून काम करायला परवानगी दिलीय. ते घर कुठलं असावं, असं काही त्यांनी सांगितलं नाही. म्हणून आले."

"आणि प्रकाश?"

"चिडलाय. शनिवार-रविवार येईल. येईलच, त्याला करमणार नाही." मग ती म्हणाली, "आणि मलाही शिकवा ना. मला सायकलसुद्धा येत नाही."

आक्कांचे डोळे भरून आले होते, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण त्यांनी नाक ओढलं आणि विचारलं, "वय किती तुझं?"

"एकतीस."

"मग? बोर्ड वाचला न्हाईस?"

नेहाला खरंच नऊ वर्षं थांबावं लागणार, असं जरा वेळ वाटलं. आत्याबाईंनी काठी आपटली, "शाले, शिकीव तिला! माझं वय त्यात घाल आणि सरासरी काढ!" म्हणून ती आली वर्गात. पुढच्या शनिवारी प्रकाश आला. गाल फुगवून खुर्चीत बसला. आत्याबाईंनी त्याच्या मांडीवर पोर दिलं, वर दुधाची बाटली दिली, आणि पुढं दोन तास त्यानं आईचा धंदा चालताना पाहिला. निघताना तो मला म्हणाला, "आईला इतकं ओरडता येतं, मला माहीतच नव्हतं." त्याचं तोंड बघून वाटलं, त्याला जरा अभिमानही वाटतोय.

मला लायसन्स मिळालं आणि आक्कांच्या रिवाजाप्रमाणं पन्हाळ्याची फेरी ठरली. जी पास होईल, तिला त्या गडावर घेऊन जातात. पुढं त्यांची स्कूटर, मागं तात्या, आणि त्यांच्या मागं मी. पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडं माझ्या लक्षात आलं, की आक्का अखंड बोलतायत. हेल्मेटमधून आवाज नीट येत नव्हता, फक्त चढलेला सूर ऐकू यायचा. मला वाटलं, चालल्यात बिचाऱ्या तात्यांना झापत.

पुलावर गर्दीत गाड्या मंदावल्या आणि मी अगदी त्यांच्या मागच्या चाकाला टेकले.

"पाणी खाली गेलंय. घाटावर दोन म्हशी हायत, एक बसल्याली. पलीकडं कोण तरी चादरी धुतंय, एक निळी, एक पट्ट्यापट्ट्याची. आता पूल सपला. डाव्या अंगाला नवं लॉज झालंय, पोपटी रंग दिलाय. बघवत न्हाई, तुम्ही सुटलासा."

तात्या हसत होते. एक हात आक्कांच्या खांद्यावर, मान किंचित पुढं.

मग मी अंतर ठेवलंच नाही. केर्ली गावचा ऊस तुटला होता, ते आक्कांनी सांगितलं. एका दारात लग्नाचा मांडव होता, त्याच्या झालरीचा रंग सांगितला. पुढं रस्ता रुंद करायचं काम झालेलं. कडेची जुनी झाडं गेलेली, नुसता मुरूम आणि ऊन. तिथं तात्यांनी विचारलं, "शालन, जांभळाचं झाड आलं का गं?"

"आलं की."

"कसं हाय?"

"हाय तसंच. जरा वाकलंय रस्त्याकडं. औंदा लगडलंय बघा, खाली सगळा रस्ता निळा झालाय."

मी दोन्ही बाजूंना पाहिलं. मुरुमाच्या ढिगाशेजारी एक रुंद बुंधा होता, जमिनीलगत कापलेला.

गडावर झुणका-भाकर सांगायला आक्का पुढं गेल्या. तात्या आणि मी बाकावर बसलो.  ते म्हणाले, "बाई, जांभळ तोडलंय न्हवं?"

मी हेल्मेटचा पट्टा उलगडत राहिले.

"मोठं झाड हुतं. खालनं गेलं की अंग गार व्हायचं. गेल्या दोन-तीन खेपांना सावली लागली न्हाई अंगाला." ते थोडं हसले. "लगीन झाल्यावर पयल्यांदा गडावर निघालतो आमी, सायकलवर डबलशीट. त्या झाडाखाली चेन पडली. मला बसंना. हिनं बसवली. नव्या नवरीचं हात काळं झाल्यालं."

"मग तुम्ही विचारता कशाला, तात्या?"

"ती लई झ्याक सांगती हो." ते म्हणाले. "तिला सांगू नगा."

तेवढ्यात आक्का ताटं घेऊन आल्या. "काय कुजबुजताय? भाकरी गार व्हायली, जेवा गप."

परतताना ऊन चांगलंच चढलं होतं. केर्लीच्या अलीकडं, त्या मोकळ्या उघड्या रस्त्यावर, तात्यांनी आक्कांच्या खांद्यावर हलकं थोपटलं.

"शालन, जांभळाखालनं जरा हळू घी. सावलीला बरं वाटतंय."

"घेतो की," आक्का म्हणाल्या.

आणि त्यांनी गाडी अगदी सावकाश केली. मागून येणारा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. आक्कांनी वळून हेल्मेटची काच वर केली, पोटातून ओरडल्या, "ओ पावणं, दिसत न्हाई व्हय? थांबा की जरा!" आणि काच खाली केली. मीही वेग कमी केला, आणि त्या रखरखीत उन्हातून आम्ही तिघं हळूहळू पुढं गेलो.